व्यायलेली म्हैस वेळेवर गाभण राहावी म्हणून

"डॉक्टर, माजाचं इंजेक्शन द्या." पशुवैद्यकीय दवाखान्यात ही मागणी नेहमीची आहे. म्हैस व्यायला सहा-सात महिने झालेले असतात, दूध उतरणीला लागलेले असते, आणि इतक्या दिवसांत ती एकदाही माजावर आलेली दिसलेली नसते. मालकाची घाई समजण्यासारखी आहे. पण असे एकच इंजेक्शन नसते. म्हैस माजावर न येण्याची कारणे वेगवेगळी आहेत आणि एका कारणावरचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. कधीकधी तर ते घातही करते. 'माजावरच येत नाही' म्हणून आणलेली म्हैस तपासल्यावर तीन-चार महिन्यांची गाभण निघते, हे पशुवैद्यकांना नवे नाही. रेड्याबरोबर चरायला गेलेली असते, कधी भरली ते कुणाला कळलेले नसते. अशा म्हशीला न तपासता माज आणणारे प्रोस्टाग्लँडिन टोचले तर ती गाभडते. म्हणून कुठल्याही उपचाराआधी गर्भतपासणी झालीच पाहिजे, या एका बाबतीत कुणाचेही ऐकू नका.

दुसरी गोष्ट दिवसांची. म्हैस साधारण ३१० दिवस, म्हणजे दहा महिने दहा दिवस गाभण असते. वर्ष-सव्वा वर्षाला वेत हवे असेल, तर व्यायल्यापासून ९० ते १२० दिवसांत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. गर्भाशय मूळ आकाराला यायला ३५ ते ४५ दिवस लागतात. निरोगी, चांगल्या पोसलेल्या म्हशीचा माज ४५ ते ६० दिवसांच्या आसपास सुरू होतो. त्यानंतरचा प्रत्येक चुकलेला माज म्हणजे २१ दिवस. म्हशीचा रोजचा चारा-खुराक २०० रुपयांचा धरला तरी एका हुकलेल्या माजाचे ४,२०० रुपये होतात, आणि पुढे ढकललेल्या वेताचे दूध त्यात धरलेलेच नाही.

आपल्याकडे या हिशेबात ऋतूही मोजावा लागतो. दिवस लहान होऊ लागले, गारवा आला की म्हशीचा माज खुलतो आणि उन्हाळ्यात तो दबतो. बऱ्याच म्हशी पावसाळ्यात आणि त्याच्या अखेरीस वितात. ऑगस्ट-सप्टेंबरला व्यायलेली म्हैस ऑक्टोबर-नोव्हेंबरला भरण्याजोगी होते, आणि तिथून फेब्रुवारीपर्यंतचे महिने तिच्यासाठी सर्वांत चांगले असतात. नेमके तेच महिने वाया जातात, कारण 'आत्ता भरवली तर दूध कमी होईल' ही भीती. गाभणपणाच्या पहिल्या पाच महिन्यांत दुधावर फारसा परिणाम होत नाही. पण भीतीपोटी थांबलेली म्हैस मार्चमध्ये उन्हात सापडते, आणि मग पाऊस पडेपर्यंत माजाची वाट बघत बसावे लागते. हिवाळ्यात म्हैस भरून घेणे हा वांझपणावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सुरुवात भाकड काळात

व्यायल्यानंतरच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा व्यायच्या आधीच्या दोन महिन्यांत सापडते. विण्याआधी ६० दिवस म्हैस आटवायची असते. पण आटली, दूध थांबले की तिचा खुराकही थांबतो. पोटातले वासरू याच शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत झपाट्याने वाढत असते, आणि म्हैस मात्र वाळक्या कडब्यावर असते. अशी म्हैस हाडांचा सापळा घेऊन विते, वर दुधाचा भार पडतो, आणि शरीर आधी दूध देते, जीव जगवते, माज शेवटी ठेवते. व्यायल्यावर पहिले काही आठवडे दुधातून जाणारी ऊर्जा खाण्यातून येणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्तच असते. अंगावर साठा असलेली म्हैस हा काळ निभावते. साठा नसेल तर अंडाशयाचे काम बंद पडते.

विताना म्हशीच्या बरगड्या हात फिरवल्यावर जाणवाव्यात, पण दुरून मोजता येऊ नयेत. पाठीचा कणा आणि शेपटीच्या मुळाशी खोल खड्डे दिसू नयेत. पाच गुणांच्या मोजपट्टीवर ही स्थिती तीन ते साडेतीन. फार लठ्ठ म्हैसही नको, तीही विताना अडते आणि व्यायल्यावर खायचे कमी करते. शेवटच्या दोन महिन्यांत एक ते दोन किलो आंबोण आणि थोडी हिरवी वैरण द्यावी, आणि जंतनाशक पशुवैद्यकांना विचारून. भातपट्ट्यात आणि पाणथळ चराईवर यकृतातल्या चपट्या कृमींकडे विशेष लक्ष हवे. त्यासाठीचे औषध साध्या जंतांच्या औषधापेक्षा वेगळे असते.

व्यायल्यावर खुराक दुधाच्या मापाने वाढवायचा. शरीरपोषणासाठी दीड-दोन किलो, शिवाय दर दोन लिटर दुधामागे एक किलो. दहा लिटरच्या म्हशीला सहा-सात किलो झाले. एवढा खुराक एकदम सुरू करू नका, पोट बिघडते. दोन आठवड्यांत हळूहळू न्या. त्याबरोबर २० ते २५ किलो हिरवा चारा, त्यात लसूणघास, बरसीम किंवा चवळी हवीच, आणि पाच-सात किलो सुका. खनिज मिश्रण रोज ५० ते ६० ग्रॅम. फॉस्फरस, तांबे, जस्त, मँगनीज, कोबाल्ट, आयोडीन, सेलेनियम या सगळ्यांशी माजाचा संबंध आहे. बाजारात खनिज मिश्रण म्हणून नुसते कॅल्शियमही विकले जाते, तेव्हा पुड्यावर काय छापले आहे ते वाचून घ्या. आठ दिवस देऊन 'फरक पडला नाही' म्हणू नका. रिकामे झालेले शरीर भरायला महिना-दोन महिने जातात.

ऊसपट्ट्यातल्या वाचकांसाठी इथे थोडे थांबतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर या भागांत गळीत हंगाम सुरू झाला की गोठ्यात उसाच्या वाढ्यांचे भारे येऊन पडतात. फुकट किंवा अगदी स्वस्त, आणि म्हशी खातातही आवडीने. पण वाढ्यात ऑक्झलेट असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते कॅल्शियम शरीराला लागत नाही. वाढ्यात प्रथिनेही अगदी कमी. तीन-चार महिने जवळजवळ नुसत्या वाढ्यावर काढलेली म्हैस आतून पोकळ होते, आणि हा हंगाम नेमका माजाचाच हंगाम असतो. वाढे बंद करा असे सांगणे सोपे आहे, पण ज्याच्याकडे दुसरी वैरण नाही त्याने काय करायचे? त्याने वाढे कुट्टी करून कडब्यात आणि द्विदल चाऱ्यात मिसळावेत, एकूण वैरणीत त्यांचा वाटा मर्यादित ठेवावा, शक्य असेल तर कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडावी, आणि त्या महिन्यांत खनिज मिश्रण एक दिवसही चुकवू नये.

वार आणि गर्भाशयाची घाण

व्यायल्यानंतर आठ ते बारा तासांत वार पडायला हवी. तोवर पहिले काम वासराला चीक पाजण्याचे, आणि तेही पहिल्या तासाभरात. 'वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही' ही समजूत अजून अनेक घरांत पाळली जाते, आणि तिच्यामुळे वासरू आणि म्हैस दोघांचेही नुकसान होते. वासरू लुचले की म्हशीच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते, गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायलाच मदत होते.

बारा तास उलटूनही वार अडकून राहिली तर पशुवैद्यकांना कळवा. लोंबणाऱ्या वारेला दगड, चप्पल, विटेचा तुकडा बांधू नका. हात घालून ओढून काढणाऱ्या माणसाला तर गोठ्यात येऊच देऊ नका. ओढाओढीत वारेचा काही भाग आत तुटून राहतो, गर्भाशयाचे अस्तर फाटते आणि बाहेरची घाण थेट आत जाते. 'वार काढली' याचे समाधान दोन दिवस टिकते, आणि म्हैस पुढचे सहा महिने उलटत राहते. म्हैस खाते-पिते आहे, ताप नाही, तर बरेचदा वार काही दिवसांत कुजून आपोआप सुटते. ताप आला, खाणे सुटले, घाणेरडा वास सुटला, तर मात्र उशीर न करता प्रतिजैविके, सूज कमी करणारी औषधे आणि गरजेप्रमाणे कॅल्शियम लागते. लोंबणारा भाग मागच्या पायांना, शेणाला लागत असेल तर तो न ओढता थोडा कापून आखूड करता येतो. पडलेली वार खोल पुरून टाका, म्हशीला खाऊ देऊ नका.

सातव्या-आठव्या महिन्यात गाभडलेल्या आणि मग वार अडकलेल्या म्हशीकडे वेगळ्या नजरेने पाहा. तो ब्रुसेलोसिस म्हणजे सांसर्गिक गर्भपात असू शकतो, आणि हा आजार माणसाला होतो. मेलेले वासरू, वार, स्राव यांना उघड्या हाताने शिवायचे नाही, रक्ताची तपासणी करून घ्यायची, दूध उकळूनच वापरायचे. पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात या रोगाची लस दिली जाते. ज्यांच्या गोठ्यात अजून दिली नसेल त्यांनी पुढच्या लसीकरणाची तारीख आजच विचारावी.

व्यायल्यावर दहा-पंधरा दिवस तांबूस-तपकिरी स्राव जातो, तो नैसर्गिक आहे, त्याला दुर्गंधी नसते. तीन आठवड्यांनंतरही स्राव चालू असेल, त्यात पांढरे, पिवळट, पुवासारखे काही दिसत असेल, तर गर्भाशयाचा दाह आहे. काही वेळा एरवी काहीच दिसत नाही, फक्त माजाच्या सोटात, म्हणजे चिकट स्रावात, पांढरे कण येतात. म्हणून माजाचा सोट पाहायची सवय लावा. तो काचेसारखा स्वच्छ, लांब तार धरणारा हवा. शंका असेल तर तो स्वच्छ बाटलीत धरून पशुवैद्यकांकडे न्या. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळून रंग पाहण्याची 'व्हाइट साइड' चाचणी दवाखान्यात सहज होते, पिवळा रंग आला की संसर्ग आहे.

अशा घाणेरड्या माजावर रेतन करू नका. गर्भ तिथे तगत नाही, रेतमात्रा वाया जाते, आणि 'इतक्या वेळा भरवली तरी राहत नाही' या यादीत म्हैस उगीच जाते. तो माज उपचारासाठी वापरायचा, कारण माजात गर्भाशयाचे तोंड उघडे असते आणि शरीराची स्वच्छतेची ताकदही वाढलेली असते. औषध गर्भाशयात सोडायचे की स्नायूत टोचायचे, कोणते प्रतिजैविक, किती दिवस, हे पशुवैद्यक ठरवतील. स्रावाची प्रयोगशाळेत तपासणी करून जंतूंना लागू पडणारे औषध निवडता आले तर उत्तमच. अंडाशयावर पीतपिंड (स्त्रीबीज सुटल्यावर तिथे तयार होणारा पिंड) असेल तर प्रोस्टाग्लँडिनने माज आणून गर्भाशय मोकळे करता येते. औषधाचा डोस पूर्ण करा आणि सांगितलेल्या दिवसांपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका. पुढचा माज स्वच्छ आला की मग रेतन.

माज येतो, पण दिसत नाही

'माजावर येत नाही' अशा म्हशींत बऱ्याच प्रत्यक्षात माजावर येत असतात. म्हशीचा माज मुका. गाय दुसरीवर उडते, आरडाओरडा करते, सोट लोंबतो. म्हैस बहुधा यातले काही ठळकपणे करत नाही. सोट उभ्याने लोंबत नाही, बसल्यावर जमिनीवर पडतो आणि शेणात मिसळून जातो. माज संध्याकाळनंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत ठळक राहतो, म्हणजे नेमका गोठ्यात कुणी नसतो तेव्हा. त्यासाठी रात्री नऊ-दहाला आणि पहाटे धारेच्या आधी, दोन्ही वेळा दहा-पंधरा मिनिटे नुसते उभे राहून पाहायचे. शेणपाण्याच्या गडबडीत पाहिलेले धरायचे नाही. वारंवार थोडी थोडी लघवी, शेपूट उचललेली, योनीमुख सुजलेले व सुरकुत्या गेलेल्या, आतून लाली, दूध अचानक कमी, पान्हा चोरणे, खाण्यावरून मन उडणे, मधूनच रेकणे. यातली सगळी एकत्र दिसतील असे नाही, दोन-तीन दिसली तरी दखल घ्या. गोठ्यात आठ-दहा म्हशी असतील तर नसबंदी केलेला रेडा फिरवणे सर्वांत भरवशाचे; तो सहसा चुकत नाही.

व्यायल्यापासून ६० दिवस होऊन गेले आणि माज दिसला नाही, तर तपासणी करून घ्या. सहा महिने थांबू नका. पशुवैद्यक गुदद्वारातून हात घालून, किंवा सोनोग्राफी असेल तर तिने, अंडाशय पाहतात. इथे वाट दुभंगते.

अंडाशयावर पीतपिंड आहे, म्हणजे चक्र चालू आहे, माज मुका आहे. अशा म्हशीला प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन लागू पडते. तीन ते पाच दिवसांत माज येतो, आणि माज दिसो न दिसो, ७२ आणि ९६ तासांनी रेतन करता येते. अंडाशय लहान, गुळगुळीत, निष्क्रिय आहे, दहा-अकरा दिवसांनी पुन्हा पाहिले तरी तसेच आहे, म्हणजे तो खरा अमाज. इथे तेच प्रोस्टाग्लँडिन कितीही वेळा टोचले तरी काही घडत नाही, कारण ज्या पीतपिंडावर ते काम करते तो पिंडच नाही. 'इंजेक्शन देऊनही माज आला नाही' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असते. खऱ्या अमाजात आधी आहार, खनिजे आणि जंत यांचा बंदोबस्त, आणि शरीर थोडे भरले की मग संप्रेरके. योनीत सात ते नऊ दिवस प्रोजेस्टेरॉनचे साधन बसवून काढण्याची पद्धत अशा म्हशींना, विशेषतः उन्हाळ्यात, चांगली उपयोगी पडते. 'ओव्हसिंक' नावाची पद्धतही वापरली जाते. पहिल्या दिवशी जीएनआरएच (स्त्रीबीज सुटायला चालना देणारे संप्रेरक), सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि त्यापुढे १६ ते २० तासांनी ठरलेल्या वेळी रेतन. माज ओळखायची गरज राहत नाही, हा तिचा फायदा. चक्र चालू असलेल्या म्हशीत ती अधिक फळते. मरतुकड्या म्हशीवर यातली कुठलीही पद्धत म्हणजे खर्च वाया, हे आधीच सांगणारा पशुवैद्यक तुमच्या हिताचा आहे.

उन्हाळ्याचा अमाज या दोन्हींच्या मधला. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी थोड्या, वर विदर्भ-मराठवाड्यातले ४२-४५ अंशांचे ऊन. म्हशीला डुंबायला मिळाले तर फार बरे, नाही तर दुपारी तीन-चार वेळा अंगावर पाणी, पत्र्यावर पाचट किंवा कडब्याचे आच्छादन, गोठ्यात वारा खेळता, हिरवी वैरण आणि खुराकाचा मोठा वाटा रात्री व पहाटे. पिण्याचे पाणी थंड आणि कायम समोर. या म्हशींचा माज रात्रीच शोधावा लागतो.

मोड आलेली मटकी, गहू, हरभरा खाऊ घालण्याचा सल्ला गावोगाव मिळतो. त्यातून जीवनसत्त्वे मिळतात, खाऊ घालायला हरकत नाही. मात्र निष्क्रिय अंडाशय किंवा गर्भाशयातला पू मटकीने बरा होत नाही, आणि तिची वाट पाहण्यात हिवाळा निघून जातो. पान्हा सोडवण्यासाठी रोज ऑक्सिटोसिन टोचण्याची वाईट सवय मात्र आजच थांबवा. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारी अशी इंजेक्शने देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

उलटणारी म्हैस

तीन किंवा अधिक वेळा भरवूनही, माज नियमित येत असूनही जी गाभण राहत नाही, तिला आपण उलटणारी म्हणतो. अशा वेळी दोष म्हशीला देण्याआधी रेतनाची वेळ तपासा. म्हशीत स्त्रीबीज माज संपल्यानंतर दहा ते चौदा तासांनी सुटते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा नियम पाळा. माज त्यानंतरही टिकून असेल तर बारा तासांनी दुसरे रेतन करून घ्या. रेतमात्रा द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असते. ती बाहेर काढल्यावर ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवून लगेच वापरायची असते. तंत्रज्ञ कांडी खिशात घेऊन आला, तळहातावर चोळून वितळवली, तर पाहात राहू नका, नम्रपणे थांबवा. उलटणाऱ्या म्हशीला लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरू नका. तीत शुक्रजंतू कमी असतात. ती निरोगी, पहिल्याच रेतनाला राहणाऱ्या जनावरासाठी ठेवा.

वेळ बरोबर असूनही राहत नसेल तर सुप्त संसर्गासाठी सोट तपासा. स्त्रीबीज उशिरा सुटत असेल तर रेतनाच्या वेळी जीएनआरएचचे इंजेक्शन उपयोगी ठरते. म्हैस २१ दिवसांऐवजी तीस-चाळीस दिवसांनी उलटत असेल तर गर्भ धरून नंतर मरतो आहे अशी शंका घ्यावी. भरवल्यानंतरचे काही आठवडे उन्हात लांब चालवणे, बाजारात नेणे, खुराक बदलणे टाळावे.

या सगळ्याला एक वही लागते. प्रत्येक म्हशीचे एक पान: व्यायल्याची तारीख, वार किती तासांत पडली, स्राव कधी थांबला, दिसलेला प्रत्येक माज (भरवली नाही तरी), रेतनाची तारीख-वेळ, वळूचा क्रमांक, दिलेली औषधे. पशुवैद्यक आले की ही वही पुढे करा, त्यांची अर्धी तपासणी तिथेच होते. जवळ दवाखाना नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकासाठी फोन करता येतो.

रेतनानंतर १८ ते २४ दिवसांच्या दरम्यान पुन्हा माजाकडे लक्ष ठेवा. माज दिसला नाही म्हणजे राहिलीच, असे मुक्या माजाच्या जनावरात धरता येत नाही. सोनोग्राफीने साधारण तिसाव्या दिवसानंतर आणि हाताने साठाव्या दिवसाच्या सुमारास खात्री करून घ्या. तपासणीत रिकामी निघाली तर त्याच दिवशी अंडाशय पाहून पुढचे ठरवा, आणि गाभण निघाली तर वहीत विण्याची तारीख आणि तिच्या ६० दिवस आधीची आटवण्याची तारीख लगेच लिहून टाका.